व्होल्टेज घटलं तरी मोटरचा करंट वाढतो: ओहमचा नियम नेमका कुणाला लागू होतो?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकतो, घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. वर्गात शिकवलं की रेझिस्टरमधला करंट व्होल्टेजच्या सम प्रमाणात असतो. घरी मात्र दोन गोष्टी जुळेनात. माळ्यावर पडलेला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरवर ३८ ओहम दाखवतो, हिशेबाने ५२९ यायला हवेत. आणि विहिरीवरची ५ एचपीची मोटर, लाइन ४१५ वरून ३४० व्होल्टवर आली की करंट कमी घ्यायचा सोडून जास्तच घेते. नियम चुकतोय, मीटर चुकतंय की समज?

नियम ठीक आहे, मीटरही ठीक आहे. ‘व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट’ हा रेझिस्टरचा स्वभाव आहे, विजेचा सरसकट स्वभाव नाही. एखाद्या वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज भागिले तिच्यातून जाणारा करंट, हा आकडा व्होल्टेज बदलत राहिलं तरी तोच येत असेल, तर ती वस्तू रेझिस्टर. तापमान बदलू द्यायचं नाही, ही अट त्यातच आली. भागाकार तर कशाचाही करता येतो, बल्बचा, एलईडीचा, मोटरचा. पण उत्तर स्थिर राहिलं तरच ओहमचा नियम लागू झाला असं म्हणायचं. परीक्षेत सूत्र लिहून, आकडे टाकून गुण मिळतात, त्यामुळे हा फरक बहुतेकांच्या हातून निसटतो आणि मग पहिल्या मोटरपाशीच गाडी अडते.

म्हणून मोटरकडे जाण्याआधी खरा रेझिस्टर हातात घ्या. १००० ओहमचा, पाव वॅटचा. पट्टे तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी. सोनेरी म्हणजे ५ टक्के, त्यामुळे मीटरवर ९५० ते १०५० यातलं काहीही आलं तरी माल चांगला समजा. चार पेन्सिल सेल, त्यांचा होल्डर आणि दोन मल्टिमीटर लागतील. एक मीटर २० मिलीअँपिअरच्या रेंजवर, रेझिस्टरच्या सीरिजमध्ये. दुसरं डीसी व्होल्टवर, थेट रेझिस्टरच्या दोन पायांवर. बॅटरीच्या टोकांवर नाही. एक सेल, दोन सेल, तीन, चार असं चढवत जा. नवा सेल साधारण १.५५ व्होल्ट देतो, तेव्हा आकडे १.५, ३.१, ४.६, ६.२ च्या आसपास येतील. १००० ओहम घेण्यातली सोय अशी की जितके व्होल्ट तितकेच मिलीअँपिअर दिसतात, गणित करायला कागद लागत नाही. आता सेल उलटे घाला: तेच आकडे, फक्त पुढे उणे. आलेखावर मांडलंत तर सरळ रेघ येते आणि ती शून्यातून जाते. रेघ सरळ आहे पण शून्यातून जात नाही, असं झालं तर मोजत असलेल्या वस्तूत रेझिस्टरशिवाय आणखी काही दडलेलं आहे, बहुधा बॅटरी.

व्होल्टमीटर रेझिस्टरच्या पायांवरच का, याला कारण आहे. अँपिअर मोजणारं मीटर स्वतःच एक छोटा रेझिस्टर असतं. बाजारातल्या साध्या डिजिटल मीटरमध्ये २० मिलीअँपिअरच्या रेंजवर आतला शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा तो छोटा रेझिस्टर, साधारण १० ओहमचा असतो, २०० मिलीअँपिअरच्या रेंजवर १ ओहमचा. १००० ओहमपुढे १० ओहम म्हणजे एक टक्का, चालून जातं. पण १० ओहमचा रेझिस्टर घेऊन एका सेलवर तपासायला गेलात, तर १५० ऐवजी १३६ मिलीअँपिअर दिसतील आणि नियम नऊ टक्क्यांनी चुकल्यासारखा वाटेल. व्होल्टेज रेझिस्टरच्या पायांवर मोजलंत तर तेही तेवढंच खाली आलेलं दिसतं आणि भागाकार पुन्हा १० ओहमच देतो.

उलट बाजूची चूक मोठ्या रेझिस्टरवर होते. १० लाख ओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये लावा, ९ व्होल्टची बॅटरी द्या आणि प्रत्येकावरचं व्होल्टेज मोजा. दोन्हींवर साडेचार यायला हवेत. स्वस्त मीटरवर दोन्हीकडे ३ व्होल्टच येतात, बेरीज ६! उरलेले ३ व्होल्ट कुठे गेले? कुठेच नाही. त्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० लाख ओहम आहे. मोजायला लावलं की ते रेझिस्टरला समांतर जोडलं जातं, तिथला एकूण रेझिस्टन्स निम्मा होतो आणि व्होल्टेजची वाटणीच बदलते. एक कोटी ओहमचं चांगलं मीटर लावलंत तर ४.३ च्या आसपास दिसेल. इथे ओहमचा नियम मोडला नाही, उलट त्यानेच मीटरची लबाडी पकडली.

आणखी एक गोष्ट वर्गात क्वचितच सांगतात: रेझिस्टरचा वॅट. पाव वॅटच्या १००० ओहमवर जास्तीत जास्त १५.८ व्होल्ट चालतात. १०० ओहमवर फक्त ५. कुणी १०० ओहमच्या पाव वॅटवर ९ व्होल्टची बॅटरी लावली तर त्यात ०.८१ वॅट जळतो, म्हणजे क्षमतेच्या तिपटीहून जास्त. पट्टे काळवंडतात, वास येतो, आकडा मीटरवर सरकत राहतो. त्यात छोटी चौकोनी बॅटरी असेल तर तीही दबते, व्होल्टेज दर मिनिटाला थोडं खाली. ही अडचण खुद्द गेऑर्ग ओहमलाही आली होती. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्या करंट द्यायला लागल्या की ढेपाळायच्या, म्हणून १८२६ मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल वापरला, म्हणजे दोन धातूंच्या जोडांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडणी, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. व्होल्टेज जेमतेम काही मिलीव्होल्ट, पण स्थिर. १८२७ मध्ये त्याने पुस्तक छापलं. प्रयोग करताना सेल दमला तर रेझिस्टरला दोष देऊ नका, दोन्ही मीटरचे आकडे एकाच क्षणी वाचा.

आता एक उलटा प्रश्न. व्होल्टेजमुळेच करंट येतो का? रेझिस्टरपुरतं पाहिलं तर दोन्हींपैकी कोणतंही आधी ठरू शकतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअरच्या लूपवर येतो. तिथे ट्रान्समीटर (सेन्सरचं माप करंटमध्ये बदलणारं यंत्र) करंट ठरवतो आणि पॅनेलमधल्या २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्यामुळे १ ते ५ व्होल्ट तयार होतात. वायर ५० मीटर असो की २००, करंट तोच राहतो, म्हणून रीडिंग बदलत नाही. मात्र याला मर्यादा आहे. सप्लाय २४ व्होल्टचा आणि ट्रान्समीटरला चालायला १२ व्होल्ट लागत असतील, तर लूपसाठी १२ व्होल्ट उरतात. २० मिलीअँपिअरवर म्हणजे फक्त ६०० ओहम. कुणी त्याच लूपमध्ये रेकॉर्डर, इंडिकेटर आणि पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) असे तीन २५० ओहम ओवले की ७५० होतात. मग रीडिंग १६ मिलीअँपिअरपर्यंत अगदी बरोबर येतं आणि तिथून वर सरकतच नाही. सेन्सर बदलून काही होत नाही, ओहम मोजा. आणि तो २५० चा रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घ्या, सोनेरी पट्ट्याचा लावलात तर रीडिंगमध्ये ५ टक्क्यांपर्यंत फरक आयता मिळेल.

बल्बकडे येऊ. १०० वॅट, २३० व्होल्ट म्हणजे ०.४३५ अँपिअर आणि ५२९ ओहम. हा पेटलेल्या बल्बचा आकडा. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रेझिस्टन्स थंड असतानाच्या साधारण १४ पट होतो. मल्टिमीटर बल्बला जेमतेम मिलीअँपिअरभर करंट देतं, तार थंडच राहते, म्हणून ३८. दोन्ही आकडे खरे, तापमानं वेगळी. बटण दाबल्याच्या क्षणी तार थंड असते. लाइनच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर बटण दाबलं गेलं तर क्षणभर साडेआठ अँपिअर ओढले जातात. असे बल्ब चालू असताना फारसे जात नाहीत, चालू करताना जातात, ते यामुळे.

हे पाहायचं असेल तर घरच्या लाइनवर प्रयोग करू नका. गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब घ्या. १२ व्होल्टवर तो १.७५ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर मात्र निम्मा नाही, सुमारे १.२ अँपिअर घेतो. आलेखाची रेघ वाकते, कारण प्रत्येक बिंदूवर तार वेगळ्या तापमानाची आहे. तापमान स्थिर ठेवता आलं असतं तर टंगस्टनही सरळ रेघच देतं. धातूने नियम मोडलेला नाही, आपण अट मोडली.

हीच खोड उपयोगालाही येते. दिंडोरीकडच्या वाइनरीत टाकीचं तापमान पाहणारा पीटी-१०० सेन्सर म्हणजे प्लॅटिनमचा रेझिस्टर: शून्य अंशाला १०० ओहम, १५ अंशाला १०५.८५, दर अंशाला जवळपास ०.३८५ ओहम. त्यातून करंट १ मिलीअँपिअरच्या आसपासच सोडतात, नाहीतर तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि टाकीऐवजी स्वतःचं तापमान सांगू लागतो. दोन वायरवर जोडला तर वायरचा रेझिस्टन्सही मोजला जातो. ०.३८५ ओहमची वायर म्हणजे थेट एक अंशाची चूक. म्हणून तीन वायरी: तिसरीमुळे वायरचा रेझिस्टन्स वजा करता येतो.

तांब्याचंही तेच. दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. निफाडला थंडीत पहाटे पारा पाचच्या खाली जातो; ५ अंशाला मोजलेली मोटरची वाइंडिंग आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशाला मोजलेली वाइंडिंग यांत सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडणारच. तेवढ्यावरून ‘वाइंडिंग गेली’ म्हणू नका. तीन फेजच्या वाइंडिंग एकमेकींशी ताडून पाहा. एकाच वेळी मोजलेल्या तिघींत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर शंका घ्यायची.

नायक्रोम, म्हणजे हीटरच्या कॉइलचा मिश्रधातू, मात्र सरळ माणूस आहे. गिझरची कॉइल तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही. २००० वॅटचा गिझर म्हणजे २६.५ ओहम, ८.७ अँपिअर. व्होल्टेज २०० वर आलं तर करंट ७.६ आणि वॅट १५१२. व्होल्टेज १३ टक्के उतरलं आणि उष्णता २४ टक्के, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार. १५ लिटर पाणी १८ वरून ५० अंशांवर न्यायला २३० व्होल्टवर १७ मिनिटं लागतात, २०० वर २२. हिवाळ्यात संध्याकाळी ‘गिझर बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात.

घराला तीन फेज असतील आणि न्यूट्रल तुटला, तर हाच साधा नियम घातक होतो. एका फेजवर गिझर, दुसऱ्यावर ६० वॅटचा बल्ब. न्यूट्रल गेल्यावर दोघे सीरिजमध्ये येतात आणि त्यांच्यावर ४१५ व्होल्ट. गिझरचे २६ ओहम, बल्बचे ८८२. व्होल्टेज ओहमच्या प्रमाणात वाटलं जातं, बल्बच्या वाट्याला ४०० च्या आसपास जातात. हलका लोड जळतो, जड लोडला काहीच होत नाही. एका घरात टीव्ही, चार्जर गेले आणि गिझर शाबूत राहिला, तर आधी न्यूट्रलचा जोड बघा.

आता मोटर. आणि मोटरच्याही आधी तिची केबल, कारण ती खरी रेझिस्टर आहे. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, ४ चा ४.६, ६ चा ३.१. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहीर ३०० मीटर आहे असं धरा. ५ एचपीची मोटर फुल लोडला साधारण ७.८ अँपिअर घेते, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ०.८२ धरा. तीन फेजमध्ये ड्रॉप, म्हणजे केबलमध्येच पडणारं व्होल्टेज, १.७३ गुणिले करंट गुणिले एका कोअरचा रेझिस्टन्स गुणिले पॉवर फॅक्टर. २.५ च्या केबलवर २५ व्होल्ट, ४ वर १५, ६ वर १०. चालू होताना करंट सहापट, ४७ अँपिअर; तेव्हा पॉवर फॅक्टर ०.४५ च्या आसपास असतो. २.५ च्या केबलवर त्या क्षणी ८१ व्होल्ट पडतात. लाइनच आधी ३६० वर असेल तर मोटर गुरगुरते आणि उठत नाही, यात नवल काय!

केबलचा ड्रॉप करंटच्या प्रमाणात असतो, याचा अर्थ करंट नसेल तर ड्रॉपही नाही. मोटर बंद ठेवून स्टार्टरवर व्होल्टेज मोजायचं, ४१० दिसलं की ‘लाइट चांगली आहे’ म्हणून परत फिरायचं, ही सर्रास होणारी चूक आहे. बंद मोटरवरचं रीडिंग केबलबद्दल, जोडाबद्दल, डीपीच्या जंपरबद्दल (तिथल्या जोडतारेबद्दल) काहीही सांगत नाही. मोजायचं ते मोटर पाणी ओढत असताना.

लूज कनेक्शनही तसंच पकडायचं. गंजलेल्या लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडपट्टीत, अर्धा ओहम आला तर ८ अँपिअरवर तिथे ४ व्होल्ट पडतात आणि ३२ वॅट उष्णता निघते, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे दिसत नाही. मीटरच्या दांड्यांचाच (प्रोबचाच) रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो, आणि मीटरच्या बारक्या करंटला जो जोड चांगला वाटतो तो ८ अँपिअरला उघडा पडतो. म्हणून लोड चालू ठेवून मीटर व्होल्टवर ठेवायचं आणि एक दांडी जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, त्याच फेजवर. चांगला जोड काही मिलीव्होल्ट दाखवतो. शंभरच्या वर गेला की उघडून साफ करा. हे जिवंत लाइनवरचं काम आहे: मीटर कॅट-३ या सुरक्षा वर्गाचं, ६०० व्होल्टचं हवं, दांड्यांची टोकं झाकलेली, पाय कोरडे, आणि ओहमच्या रेंजवर चुकूनही लाइनला हात घालायचा नाही.

मग ३४० व्होल्टवर मोटर जास्त करंट का घेते? मोटरची वाइंडिंग मल्टिमीटरवर मोजा, समजा ३ ओहम आले. ४१५ भागिले ३ केलं तर १३८ अँपिअर येतात, मोटर घेते ७.८. म्हणजे करंट ठरवणारा हा ३ ओहम नाहीच. फिरत्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र वाइंडिंगमध्येच लाइनच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करतं, आणि करंट ठरतो तो उरलेल्या फरकावर. पंपाला पाणी वर चढवायला ठरावीक जोर लागतो. लाइनचं व्होल्टेज घटलं म्हणून विहीर काही उथळ होत नाही. जोर म्हणजे चुंबकीय क्षेत्र गुणिले रोटरमधला (मोटरच्या फिरणाऱ्या भागातला) करंट. व्होल्टेज उतरलं की क्षेत्र उतरतं, रोटर फिरत्या क्षेत्राच्या किंचित मागे पडतो, म्हणजे स्लिप वाढते, आणि तोच जोर काढायला करंट वाढतो. मोटर ४६०० वॅट घेत असेल तर ४१५ वर ७.८ अँपिअर, ३४० वर साडेनऊ. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. मोटर व्होल्टेज कमी मिळाल्यामुळे थेट जळत नाही, त्यामुळे वाढलेल्या करंटने जळते.

हा स्वभाव फक्त लोडवर फिरणाऱ्या मोटरचा. तीच मोटर जाम झाली, फिरतच नसेल, तर तिचं वागणं बरंचसं ओहमच्या नियमासारखं होतं: ४१५ वर ४७ अँपिअर, ३४० वर ३८. पण चालू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, ३४० वर ६७ टक्केच उरतो. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत, कमी व्होल्टेजवर उठवतो आणि मग डेल्टात पूर्ण व्होल्टेज देतो; स्टारमध्ये मुळातच एक-तृतीयांश जोर मिळतो, त्याचे ६७ टक्के म्हणजे २२. मोटर स्टारमध्ये वेग घेत नाही आणि टायमरने डेल्टात ढकलली की झटका बसतो. आणि मोटर पूर्ण मोकळी असेल, पाणीच ओढत नसेल, तर व्होल्टेज घटल्यावर तिचाही करंट घटतो. यातून एक उपयोगाची खूण मिळते: लाइन ३४० वर असताना क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) नेहमीपेक्षा कमी अँपिअर दाखवत असेल, तर खुश होऊ नका, विहिरीचं पाणी खाली गेलंय किंवा पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह सुटलाय. मोटर कोरडी चालते आहे.

क्लॅम्प मीटरमध्ये एका वेळी एकच वायर. तिन्ही एकत्र घातल्या तर उत्तर शून्याच्या जवळ येतं, आणि ते बरोबरच असतं. तिन्ही फेजचे आकडे लिहून घ्या. व्होल्टेजमध्ये थोडी विषमता असली तरी करंटमध्ये ती सहा ते दहा पट होऊन दिसते. ३४०, ३५०, ३६० अशी लाइन असेल तर सरासरीपासून फरक तीन टक्क्यांचाही नाही, पण करंटची तफावत २० टक्क्यांवर जाऊ शकते. एक फेज जास्त तापते, ती नेहमी तीच असते, आणि रिवाइंडिंग करून आणलेली मोटर महिनाभरात पुन्हा त्याच फेजला जाते. वायंडरला बोल लावण्याआधी लाइन मोजा.

तुमच्या विहिरीवर काय करायचं ते आता सरळ आहे. मोटर पाणी ओढत असताना तीन जागी व्होल्टेज घ्या: सर्व्हिसच्या वीजमीटरपाशी, स्टार्टरच्या इनकमिंगला, स्टार्टरच्या आउटगोइंगला. मीटरपाशीच ३४५ असेल आणि मोटर बंद केल्यावर ४१० होत असेल, तर दोष डीपीकडचा आहे: जंपर किंवा लांब लाइन. मीटरपाशी ३९० आणि इनकमिंगला ३६० असेल तर मधली केबल बारीक आहे किंवा जोड खराब. इनकमिंग-आउटगोइंगमध्येच दहा-वीस व्होल्ट जात असतील तर काँटॅक्टरचे (स्टार्टरमधल्या मुख्य स्विचचे) पॉइंट घासले गेलेत. आउटगोइंगपर्यंत सगळं बरं आणि तरी मोटर दमते, तर स्टार्टरपासून मोटरपर्यंत गेलेली केबल हिशेबात धरा, तीही शे-दीडशे मीटर असू शकते.

२.५ ची केबल काढून ६ ची टाकली तर ३०० मीटरवर २५ ऐवजी १० व्होल्ट पडतात, आणि केबल तापण्यात वाया जाणारे ४०५ वॅट १७० वर येतात. कपॅसिटरही मदत करतो. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप). त्याने मोटरचा स्वतःचा करंट कमी होत नाही, लाइनकडून येणारा होतो, म्हणून ड्रॉप घटतो. तो स्टार्टरनंतर जोडायचा. पण ओव्हरलोड रिलेच्याही (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या रिलेच्याही) पुढे, मोटरच्या बाजूला जोडलात तर रिलेला खरा करंट दिसत नाही, कमी दिसतो. रिलेचं सेटिंग तेवढं खाली आणावं लागतं.

रिलेचं सेटिंग नेमप्लेटवरच्या अँपिअरला. स्टार-डेल्टात रिले डेल्टाच्या आत, फेजमध्ये बसवला असेल तर नेमप्लेटच्या ०.५८ पट: १० एचपीची मोटर १५ अँपिअरची असेल तर ८.७ ला. तुमच्या ५ एचपीच्या मोटरचा ७.८ ला लावलेला रिले संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून तो ११ वर नेला, की साडेनऊ अँपिअरला मोटर तासन्तास तापत राहते आणि रिले गप्प बसतो. त्याऐवजी अंडरव्होल्टेज ट्रिप असलेला, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर बंद करणारा, प्रिव्हेंटर लावा, कटऑफ ३५० च्या आसपास ठेवा, आणि पुन्हा चालू होण्याआधी दोन-तीन मिनिटांचा वेळ. लाइट येताच गावातले सगळे पंप एकदम उठतात, तो सहापट करंटचा लोंढा ओसरल्यावर तुमची मोटर उठलेली बरी.